सांगलीत पूर, जतला टँकर

"मॅडम, अंगात एवढं पाणी साठलंय, तर किडनी ते बाहेर का टाकून देत नाही?"

नर्सिंगच्या मुलींच्या रिव्हिजनचा पहिलाच दिवस. हार्ट फेल्युअर चालू होतं आणि विचारणारी शेवटच्या बाकावरची जतची मुलगी. मी फळ्यावर नुकताच शेवटचा बाण काढून पुढं 'इडिमा', म्हणजे सूज, लिहिलं होतं. खडू हातातच राहिला. मिरजेत सात वर्षं वॉर्ड केलेली बाई मी. लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं किती दिली त्याची मोजदाद नाही. इंजेक्शन द्यायचं, युरोबॅग भरली की आऊटपुट लिहायचं, बॅग रिकामी करायची. पण ज्या किडनीकडून आपण एवढं पाणी काढून घेतोय, ती स्वतःहून ते का काढत नव्हती, हा प्रश्न मला सात वर्षांत पडलाच नव्हता. "उद्या सांगते," म्हटलं आणि पुढच्या आजाराकडं वळले. मुलींनी एकमेकींकडं बघितलं. बाईंना येत नाही हे ओळखायला कुठल्याच बॅचला वेळ लागत नाही.

वॉर्ड सोडून क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून सांगलीत लागले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती. एमएसएनच्या, म्हणजे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या, पेपरात कुठलाही आजार आला की त्याचं पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे शरीरात काय कशानं बिघडतं ते, आलंच, आणि मुली नेमक्या तिथं मार्क घालवतात. संध्याकाळचं कुठलंही जादा काम नवीन माणसाच्या गळ्यात पडतं, तसं हे माझ्या गळ्यात पडलं. बारा संध्याकाळी, साडेसहा ते आठ. पहिल्या दिवशी वर्गात बसलो, पण मे महिन्यात त्या पंख्याखाली बसवेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून हॉस्टेलच्या मेसमध्ये. तिथं वारं येतं. आमटीच्या फोडणीचा वासही येतो, त्याला इलाज नाही.

मुलींच्या हातातल्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. कुठल्या तरी जुन्या बॅचच्या हुशार मुलीनं लिहिलेल्या, आणि दर वर्षी थोड्या जास्त पुसट होत आलेल्या. वर कारणं, मग एकाखाली एक बाण, शेवटी लक्षणं. एकीला उभं केलं तर तिनं 'रेनिन अँजिओटेन्सिन अल्डोस्टेरॉन सिस्टीम ॲक्टिव्हेट होते' हे आरतीच्या चालीत एका दमात म्हणून दाखवलं. ॲक्टिव्हेट होते म्हणजे काय? "चालू होते." कशानं? गप्प. बंद कधी होते? अजून गप्प. मुली ढ नव्हत्या. बहुतेकींचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतलं, बारावीनंतर एकदम हे इंग्रजी अंगावर आलेलं. अर्थ लावत बसायला वेळ नाही म्हणून अख्खी वाक्यं घोकायची. मीसुद्धा तशीच पास झाले होते. फरक इतकाच, की मला तो प्रश्न विचारणारी जतची कुणी वर्गात नव्हती.

त्या रात्री भांडी आवरली आणि ओट्यावरच पुस्तक उघडलं. पलीकडं आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, पाटावर बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. मी वाचत होते ते असं: हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर, एकट्या दोन किडन्यांकडं जातो. दिवसभरात १८० लिटर गाळलं जातं आणि त्यातलं दीडेक लिटर सोडलं तर बाकी सगळं परत आत घेतलं जातं. हे आकडे मला पाठ होते. पण आकड्यांच्या पलीकडचं त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. किडनीला पाय दिसत नाहीत. पोटात, फुप्फुसात किती पाणी तुंबलंय याचा तिला पत्ता नाही. तिच्या दाराशी रक्त किती आणि किती दाबानं येतंय, एवढंच तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी आधी फुगवटा घेतला. सांगलीच्या पोरांना फुगवटा शिकवावा लागत नाही. आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथं पाढ्यांबरोबर येतं; २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं तेव्हा या मुली शाळकरी होत्या, आणि त्यातल्या दोघींची घरं पाण्यात होती. पुढं पाणी सरकलं नाही की ते मागं चढतं. हृदयाची डावी बाजू थकली की मागं फुप्फुसं आहेत, फुगवटा तिथं. दाब वाढला की केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि हवेच्या फुग्यांत उतरतं. स्टेथोस्कोप लावला की बारीक चुरचुर ऐकू येते ती त्याचीच. उजवी बाजू थकली की फुगवटा सगळ्या अंगाचा: मानेच्या शिरा तटतटतात, लिव्हर मोठं होतं, पाय सुजतात. इथपर्यंत सगळ्यांच्या माना हलत होत्या.

मग किडनी. पंप थकलाय, पुढं दाब नाही. लिटरभर यायचं तिथं कमी येतंय. किडनीला वाटतं, पाण्याचा दुष्काळ पडला. आणि दुष्काळात करायचं तेच ती करते...

"म्हणजे आमच्यासारखं," जतची म्हणाली. "त्या वर्षी सांगलीत पूर आलेला आणि आमच्यात टँकर चालू होता, मॅडम. टीव्हीवर सगळीकडं पाणी दिसायचं आणि आज्जी घागरी मोजायची."

मी खडू खाली ठेवला. याच्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. एकाच जिल्ह्यात कृष्णाकाठ बुडालेला आणि जत कोरडं. एकाच शरीरात पाय पाण्यानं टम्म आणि किडनी घागरी मोजतेय. तिचं चुकत काहीच नाही. तिच्या दारातलं खरं तेच ती बघते आणि त्यावर करायचं तेच करते. रेनिन सोडते. लिव्हरकडून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनवर ते काम करतं, पुढं मुख्यतः फुप्फुसातलं एन्झाईम त्याचं अँजिओटेन्सिन टू करतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन म्हणतं, मीठ धरून ठेवा. आणि मीठ जिथं, पाणी तिथं. आदल्या रात्री आत्यांनी फोडींना मीठ लावून ठेवलं होतं, सकाळी परातीत वाटीभर पाणी सुटलेलं. तेही सांगून टाकलं. आता हे धरून ठेवलेलं पाणी जाणार कुठं? आधीच भरलेल्या नदीत. थकलेल्या पंपावर आणखी ओझं, वर आवळलेल्या रक्तवाहिन्यांतून ढकलायचं म्हणून आणखी कष्ट. पंप आणखी थकतो, किडनीकडं आणखी कमी येतं, ती आणखी जोरानं दुष्काळ जाहीर करते.

मेसमध्ये एक क्षण कुणी बोललं नाही. मग दुसरीच एकजण पुटपुटली, "म्हणून रामिप्रिल देतात होय." ते फुप्फुसातल्या त्या एन्झाईमलाच अडवतं. त्या एका संध्याकाळी रामिप्रिल, अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन, लॅसिक्स आणि मिठाचं पथ्य अशी चार वेगवेगळ्या पानांवर पाठ केलेली चार उत्तरं एकाच चित्रात जाऊन बसली. रामिप्रिलनं कोरडा खोकला का येतो, हे एकीनं विचारलं. तेच एन्झाईम ब्रॅडिकायनिन नावाची दुसरी वस्तूही मोडतं. एन्झाईम अडवलं की ती साठते आणि घसा खवखवतो. हे मात्र मी तयारी करून आले होते, कबूल करते.

पुढं मुलींचा उत्साह इतका वाढला की अल्डोस्टेरॉनला पाटबंधारे खातं म्हणण्यापर्यंत मजल गेली. अलमट्टी धरण कोण, यावर दोघींचं भांडण झालं. तिथं मी थांबवलं. उपमा पुलापर्यंत आणून सोडते. पुढं चालत जावं लागतं.

तेव्हापासून एक पद्धत पडली. प्रत्येकीनं स्वतःच्या पोस्टिंगमधला एक पेशंट घ्यायचा, नाव नाही, फक्त बेड नंबर, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्याच्या आजाराची साखळी काढायची. प्रत्येक बाणावर बाकीच्यांनी 'कशानं?' विचारायचं. उत्तर आलं नाही की बाण खोडायचा. पहिल्या दोन दिवसांत कागदांवर खोडलेले बाणच जास्त होते.

यातून वॉर्डातल्या काही गोष्टी नव्यानं दिसल्या. एका मुलीनं केअर प्लॅनमध्ये अंथरुणाला खिळलेल्या आजोबांबद्दल 'इडिमा नाही' लिहिलं होतं, कारण पाय बघितले आणि पाय चांगले होते. पण पडून असलेल्या माणसाचं पाणी पायात उतरेल कशाला? ते खालच्या बाजूला उतरणार. दुसऱ्या दिवशी कूस वळवताना माकडहाडापाशी अंगठा पाच सेकंद दाबून बघ म्हटलं. संध्याकाळी ती डोळे मोठे करून आली: "खळगा पडला मॅडम, आणि तसाच राहिला." आणखी एक. झोपताना किती उशा लागतात, असं पुस्तकात विचारायला सांगितलंय. आडवं झालं की पायातलं पाणी रक्तात परत येतं, छातीवर भार येतो, माणूस रात्री दोनला उठून खिडकीशी जाऊन बसतो. उशांचा आकडा वाढत गेला की आजार वाढतोय. आमच्या खेड्यातल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "एकच उशी." शेजारी बसलेली आजी म्हणाली, "उशी एकच, पर खाली दोन वाकळांची वळकटी. आन् परवापास्नं तर भिंतीला टेकूनच." उशी विचारू नका, झोपता कसे ते विचारा, असं मी मुलींना वहीत लिहून घ्यायला लावलं.

डायबेटिसच्या संध्याकाळी मी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःचीच एक रात्र सांगितली. मिरजेत असताना, नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. पोट दुखतंय, उलट्या, आणि श्वास इतका खोल, की लांबून पळत आल्यासारखा. घरच्यांनी दोन दिवस पित्त समजून काढलेले. ग्लुकोमीटर लावला तर आकडाच नाही, नुसतं 'हाय'. त्याच्या आईनं विचारलं, "किती हाय?" मी म्हटलं, "हाय आलंय." "आवो पर किती हाय?" एवढ्या गडबडीतही शेजारच्या बेडवरचा म्हातारा हसला होता.

सलाईन जोरात चालू झालं, इन्सुलिनची ड्रिप लागली. पोटॅशियमचा रिपोर्ट आला, ४.८. नॉर्मल ३.५ ते ५. म्हणजे उत्तम. आणि डॉक्टरांची ऑर्डर काय, तर लघवी होतेय ना बघ आणि पुढच्या बाटलीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराईड घाल. मला वाटलं, झोपेत लिहिलंय. पोटॅशियम म्हणजे जपून, हे आमच्या हाडीमाशी भिनवलेलं; थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, बाटलीत नीट मिसळून, सावकाश. आणि इथं नॉर्मल असलेल्याला द्यायचं? फोन करून विचारायचं धाडस नव्हतं, न विचारता द्यायचंही नव्हतं. मी अर्धा तास बाटली तशीच ठेवली, राऊंडला येतील तेव्हा विचारू म्हणून. ते आले, बाटली बघितली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असे बोलले. मग त्याच दमात समजावूनही दिलं.

मुलींपुढं ते मी उलट्या बाजूनं मांडलं. साखर रक्तात भरपूर, पण इन्सुलिन नाही म्हणून पेशींना ती वापरता येत नाही. रक्तातली साखर १८० च्या आसपास गेली की किडनीला सगळी परत घेता येत नाही, ती लघवीत सांडते. साखर जाते ती पाणी ओढूनच, पुन्हा आत्यांची परात. म्हणून तहान, म्हणून सारखी लघवी, आणि जुनी माणसं म्हणतात तशा लघवीला मुंग्या. उपाशी शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन, म्हणजे ॲसिड. ॲसिड कमी करायला फुप्फुसं कार्बन डायऑक्साईड बाहेर फेकतात, म्हणून तो खोल श्वास. त्याला ऑक्सिजन कमी पडत नव्हता. मी त्या रात्री पहिल्यांदा मास्कच शोधला होता, तेही सांगितलं.

आता पोटॅशियम. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात दिसतो तो उरलेला चिमूटभर. इन्सुलिन नसलं आणि रक्त आंबट आणि घट्ट झालं, की आतलं बाहेर येतं, आणि लघवीवाटे धुपून जातं. म्हणजे कोठार रिकामं होत आलेलं असताना ओसरीवर मात्र धान्य दिसतंय. रिपोर्ट ओसरीचा. इन्सुलिन सुरू केलं की सगळं परत आत जायला निघतं आणि रक्तातला आकडा झपकन उतरतो. फार उतरला की हृदयाचे ठोके चुकतात. त्या मुलाला पोटॅशियम चालू करूनही चार तासांनी ३.४ आलं होतं. मी घालवलेला अर्धा तास त्याला महागात पडला नाही, हे माझं नशीब. पण ४.८ हा आकडा अजून कुठं दिसला की त्या बाटलीची आठवण येते.

इन्सुलिन सुरू करण्याआधी पोटॅशियम का बघतात, हा प्रश्न त्यानंतर एकाही मुलीला मी दुसऱ्यांदा विचारला नाही.

दमा आणि सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, एका संध्याकाळीत उरकलं. दोन गोष्टींवर मात्र अडून बसले. दम्याच्या पेशंटची छाती वाजायची थांबली आणि तो दमून शांत झाला, तर खूश व्हायचं नाही. हवा आत जायचीच बंद झालीय, पळत जाऊन डॉक्टरांना बोलवायचं. आणि सीओपीडीवाल्याचा ऑक्सिजन ९९ वर नेऊन टाळ्या वाजवायच्या नाहीत, ८८ ते ९२ पुरे. टीबी, कावीळ, ॲनिमिया यांचं मुलींचं मुळात बरं होतं. तिथं मी फारशी ढवळाढवळ केली नाही.

डेंगीला मात्र भाषेचाच घोळ निघाला. आपल्याकडं डेंगी म्हणजे 'पेशी', म्हणजे प्लेटलेट. नातेवाईक विचारतात ते पेशी किती, व्हॉट्सॲपवर फिरतं ते पेशीचं, पपईच्या पानांचा रसही पेशींसाठीच. मुलींच्या साखळीतही सगळे बाण पेशींकडं चाललेले. खरं संकट बहुतेक वेळा वेगळ्याच दारानं येतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं, मागं उरलेलं रक्त आटलेल्या आमटीसारखं दाट होतं. तो दाटपणा हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के त्या आकड्यात, दिसतो. आणि हे कधी, तर ताप उतरतो त्याच सुमाराला. घरचे म्हणतात ताप गेला, डिस्चार्ज द्या. आणि नेमके तेच चोवीस-अठ्ठेचाळीस तास डोळ्यात तेल घालून बसायचे असतात. पोट जोरात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हातपाय गार पडताहेत का, बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर कमी होतंय का. एकीनं हे ऐकून विचारलं, "मग माझ्या मामाला पेशी पन्नास हजार असताना डॉक्टरांनी पेशी का चढवल्या नाहीत? आम्ही भांडलो होतो तिथं." रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी चढवत नाहीत, म्हटलं. ती बराच वेळ वहीत काहीतरी गिरवत बसली.

सातव्या-आठव्या दिवशी विषबाधा. आमच्या भागात 'औषध' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि कॅज्युअल्टीच्या दारात कुणी "औषध घेतलंय" म्हणत आलं की त्यातला कुठला, हे विचारावं लागत नाही. बागेवर, पिकावर मारायची ती ऑर्गॅनोफॉस्फेट. स्नायूला, ग्रंथीला निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन काम झालं की मोडून टाकणारं एक एन्झाईम असतं. ते विष त्या एन्झाईमलाच धरून बसतं. निरोप संपतच नाही. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, जुलाब, बाहुल्या टाचणीएवढ्या, नाडी मंद, स्नायू फडफडताहेत, आणि छातीत स्रावाचा पूर. माणूस त्या पुरात गुदमरतो. म्हणून ॲट्रोपिन, म्हणजे त्यावरचा उतारा, कुठपर्यंत द्यायचं याची खूण छातीत शोधायची: छाती कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आली का. मुलींच्या नोट्समध्ये नुसतं 'बाहुल्या मोठ्या होईपर्यंत' होतं. ते खोडायला लावलं. आणि हातमोजे घालून कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, हे आधी; विष कातडीतूनही जातं.

इथं तासगावची मुलगी अस्वस्थ झाली. "मॅडम, नुसतं फवारताना पण जातं?" जातं. "आमचे पप्पा बागेतनं आले की डोकं धरून बसतात. डोळ्यातनं पाणी येतं, मळमळतं. ऊन लागलं म्हणतात." फवारताना काय घालतात, विचारलं. बनियन आणि तोंडाला टॉवेल. तास संपल्यावर ती जिन्याखाली उभी राहून फोनवर बोलत होती. आवाज चढलेला होता. पलीकडून काय उत्तर येत असेल, त्याची कल्पना द्राक्षाच्या गावात नातेवाईक असलेल्या कुणालाही करता येईल.

शिराळ्याच्या मुलीनं सापांचं स्वतःच घेतलं, मला बसवून. नाग आणि मण्यार नसांवर जातात, घोणस रक्तावर. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलती करायची. ओघळलं तर गोठण्याची यंत्रणा संपलीय. नळी प्लास्टिकची नको, साबणानं धुतलेली नको. बारा दिवसांत सगळ्यात नेटका तास तिचाच झाला.

आता हे सगळं मराठीत, मेसच्या टेबलावर. पेपर इंग्रजीत. म्हणून शेवटचा अर्धा तास रोज लिहिण्याचा, आणि तिथं माझी खरी दमछाक झाली. चाचणीत एकीनं लिहिलं होतं, 'बॅकवॉटर ऑफ ब्लड इन लंग्ज'. मी लाल पेनानं 'पल्मनरी कंजेशन' केलं, पण मार्क कापायला हात धजला नाही. जतच्या मुलीची इंग्रजी वाक्यं आधीपेक्षाही मोडकी झाली होती. पाठ केलेलं सोडलं आणि स्वतःचं अजून जमेना. तिला म्हटलं, छोटी वाक्यं लिही, एका बाणाला एक वाक्य. तपासणारा काय म्हणेल ते मलाही सांगता येत नव्हतं.

राहिलं ब्लडप्रेशर. दहावी संध्याकाळ. ॲम्लोडिपिन सांगत होते: रक्तवाहिन्या सैल करते, दाब उतरतो. सवयीनं एकीनं 'मग काय?' विचारलं. म्हटलं, मग धमनीकडचा नळ मोठा होतो, शिरेकडचा तेवढाच राहतो, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि... "पाणी झिरपतं," तीच म्हणाली. "मग पाय सुजतील की." सुजतात, म्हटलं. घोट्याशी. ही सूज हृदयाची नाही, मिठाची नाही, लॅसिक्सला फारशी जुमानतही नाही. आणि बोलता बोलता जीभ अडखळली.

आत्यांचे घोटे दोन महिने सुजत होते. मी रोज संध्याकाळी अंगठा दाबून बघायचे आणि रोज लोणच्यावरून त्यांना बोलायचे. बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती. त्यांची गोळी त्याच सुमारास पाचाची दहा झाली होती, आणि पट्टी मीच मेडिकलमधून आणली होती.

आपल्या मनानं गोळी बंद करायची नसते, म्हणून दोन दिवसांनी डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी हृदय, लघवी, रक्त सगळं बघितलं, मग गोळी बदलून दिली. तीनेक आठवड्यांत घोट्याची हाडं दिसायला लागली. त्या दिवशी जेवताना आत्या पाय पुढं करून बसल्या.

"म्हंजे लोणच्याचं नव्हतं."

"नव्हतं. पण बीपी हायच की तुम्हाला. मीठ कमीच पाहिजे."

"कमी मिठाचं लोणचं टिकत न्हाई. बुरा येतो. हे हाय का तुझ्या पुस्तकात?"

आहे, म्हटलं. आणि स्टूल घेऊन बरणी खाली काढली.